उसातला वरंबा रिकामा का ठेवायचा?
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत झालेलं बोलणं)



आज कर्जाच्या हप्त्यांवर नाही, उसावर बोलणार आहे. पण शेवटी हप्त्यांपाशीच येणार!

आडसाली असो नाहीतर पूर्वहंगामी, ऊस पहिले तीन महिने हळूच वाढतो. चार-पाच फुटांच्या सरीत तोवर ऊन, पाणी, खत खातं कोण? तण. आणि ते भांगलायला वाकतं कोण? आपणच.

मग तिथं कडधान्य घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागणीत हरभरा वरंब्याच्या बगलेला टोकायचा. साडेतीन-चार महिन्यांत निघतो, म्हणजे मोठ्या भरणीच्या आधी रान मोकळं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. गाठ फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर ती काम करते. दहा किलो बियाण्याला हरभऱ्याच्याच रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी टोका. युरिया जादा पडला की गाठी कमी धरतात. सरी तुडुंब भरू नका, हरभरा मरतो. काढताना उपटू नका, विळ्यानं कापा. मुळं रानातच कुजू देत. भुसा जनावरांनी खाल्ला तर शेण तरी परत रानात जाऊ दे. आणि दाटी करू नका, नाहीतर उसाचे फुटवे कमी होतील आणि घरात बोलणी आपल्यालाच.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी आपल्याच एका ताईंनी गटाचं कर्ज काढून बियाणं आणलं. हरभरा छान उगवला. दादांनी नेहमीप्रमाणे उसात टू-फोर-डी मारलं. ते रुंद पानाचं तण मारतं, आणि हरभरा रुंद पानाचाच! पानं मुरगळली, सगळं गेलं. हप्ते ताईंनी दुसऱ्याच्या रानात भांगलून फेडले. मी बियाणं सांगितलं, रायझोबियम सांगितलं, पण फवारणीचं घरात बोललात का, हे विचारलंच नाही.

म्हणून यंदा कर्जाच्या अर्जाआधी दोन गोष्टी घरात ठरवून या: तणनाशक कोण आणि कोणतं मारणार, आणि हरभऱ्याचे पैसे कुणाच्या खात्यावर येणार. उसाचं बिल कुणाच्या नावावर येतं, माहीत आहे सगळ्यांना!

रायझोबियम गटानं एकत्र मागवू. किती किलो बियाणं लागेल ते पुढच्या बैठकीत सचिव ताईंकडे लिहून द्या.