लहान विमानातील विषारी वायू

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादेस त्यांच्या छोट्या पुस मॉथ विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत. ही हकीगत ऐकताना सर्वांना बैलगाडीची मौज वाटते. मला त्या डब्यांची धास्ती वाटते. डब्यातून पेट्रोल ओतताना निघणारी वाफ हवेहून तीन-चार पटींनी जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खळग्यांत साचते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते सात झाले की ठिणगी पुरते, आणि त्या ठिणगीला काडीपेटीच लागते असे नाही. वाहत्या पेट्रोलामुळे साचणारी स्थिर वीजही पुरते. म्हणूनच इंधन भरण्यापूर्वी विमान व इंधनाची गाडी तारेने एकमेकांस जोडतात.

टोकरखाड्यातील शाळकरी मुलांना मोठेपणी काय होणार असे विचारले, तर एक-दोघे तरी वैमानिक होणारे निघतात. धुळे, बारामती, गोंदिया येथे त्या शिक्षणाची सोय आहे. अशा मुलांना एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. मोटारींच्या पेट्रोलातून शिसे २००० साली गेले. पिस्टन इंजिनाच्या पुष्कळ विमानांना लागणाऱ्या निळ्या पेट्रोलात ते आजही आहे. हे पेट्रोल २०२२ पासून वडोदऱ्याजवळ गुजरात रिफायनरीत तयार होऊ लागले. त्यातील शिशाचे संयुग कातडीतूनही शरीरात शिरते. तेव्हा उड्डाणापूर्वी टाकीत पाणी नाही ना, हे पाहण्यासाठी इंधनाचा नमुना काढल्यावर हात साबणाने धुवावेत. पेट्रोलानेच हात धुण्याची कारागिरांची सवय तर सर्वस्वी वाईट.

तथापि पेट्रोलाला निदान वास आहे. खरे भय कार्बन मोनॉक्साइडचे, कारण त्याला वासही नाही, रंगही नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांचा घात करणारा वायू तो हाच. पुष्कळशा लहान विमानांत ऊब मिळते ती इंजिनाच्या तापलेल्या धूरनळीभोवतून खेळवलेल्या हवेने. त्या नळीला बारीकशी चीर गेली की ऊब आणि विष एकाच वाटेने आत येतात. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके दुखू लागते, मळमळते. वैमानिकाला वाटते, दमलो असेन. ज्या बुद्धीने धोका ओळखायचा तीच आधी मंदावते!

२१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना नेणारे लहान विमान इंग्लिश खाडीत कोसळले. साला यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनपैकी शेकडा ५८ भाग या वायूने व्यापलेला आढळला. वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. धोका होताच आवाज करून सावध करणारे यंत्र अशा विमानांत सक्तीचे करावे, अशी शिफारस ब्रिटिश तपासाधिकाऱ्यांनी २०२० साली केली. रंग बदलणारी कागदी पट्टी स्वस्त पडते खरी, पण गुंगीत असलेला माणूस तिच्याकडे पाहील कसा?

शंका येताच ऊब बंद करावी, बाहेरच्या हवेची झडप उघडावी, नियंत्रकास कळवून जवळच्या धावपट्टीवर उतरावे आणि सरळ डॉक्टरांकडे जावे. स्वच्छ हवेतही रक्तातील निम्मा वायू जाण्यास चार-पाच तास लागतात.