हवापालट

मोठ्या दुखण्यातून माणूस उठला की घरात हवापालटाची बोलणी सुरू होतात. कोणी पाचगणीचे नाव काढतो, कोणी समुद्रकाठच्या एखाद्या गावाचे. डॉक्टर संमती देतात, सामानाची बांधाबांध होते, आणि महिन्या-दोन महिन्यांत मंडळी पुन्हा आपल्या दारी येतात. परंतु फुप्फुसांतून वारंवार रक्त पडणाऱ्या रोग्याने सबंध बिऱ्हाड बरोबर घ्यावे, शिडाचे गलबत सात महिन्यांच्या बेताने भाड्याने ठरवावे, आणि जेथे तारायंत्र नाही व डॉक्टर क्वचितच भेटावयाचा, अशा महासागरात खुशाल शिरावे, हा बेत कोणत्याही घरात वेडेपणाचाच ठरेल. असा बेत केलेले एक कुटुंब २८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातून खरोखरीच निघाले. त्या कुटुंबाचा कर्ता पुरुष म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. श्रोत्यांपैकी अनेकांनी ही कादंबरी शाळेत असताना वाचली असेल. ती लिहिणाऱ्याचे स्वतःचे समुद्रपर्यटन मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

स्टीव्हन्सनचा जन्म एडिंबरोचा, १८५० सालचा. त्याच्या घराण्याचा धंदा दीपगृहे बांधण्याचा. आजोबा, वडील व चुलते यांनी स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर दीपस्तंभ उभारून असंख्य नाविकांचे प्राण वाचविले. त्या घराण्यातील हा एकुलता एक मुलगा मात्र लहानपणापासून छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळलेला असे. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होसच्या बर्फात त्याने दोन हिवाळे काढले. पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर इएर या गावी १८८४ साली एका रात्री त्याच्या तोंडातून इतके रक्त गेले की बोलणे अशक्य झाले. तेव्हा त्याने पेन्सिल मागून घेतली आणि घाबरू नये, एवढेच पत्नीला कागदावर लिहून कळविले. त्यानंतरची तीन वर्षे इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे गेली. चुलत्याने बांधलेल्या स्केरीव्होर या प्रसिद्ध दीपगृहाचे नाव त्याने तेथील घराला दिले होते. पण त्या घराबाहेर पाऊल टाकण्याचा योग त्याला क्वचितच येई. कीर्ती मिळाली ती अंथरुणावर उशांना टेकून केलेल्या लेखनाने.

१८८७ च्या मे महिन्यात वडील वारले. इंग्लंडची हवा सोडावी असा वैद्यांचा सल्ला पडला, आणि ऑगस्टमध्ये हे कुटुंब अमेरिकेकडे निघाले. ज्या आगबोटीने ते निघाले तिच्यावर घोडे आणि माकडे लादलेली होती. इतर कोणाला असला प्रवास नकोसा वाटला असता. आमचा रोगी मात्र डेकवर हिंडून फिरून खूष होता. आपल्याला समुद्र मानवतो, ही गोष्ट त्याच्या मनाने त्याच वेळी टिपून ठेवली असावी.

अमेरिकेत पहिला हिवाळा सॅरानाक सरोवराच्या काठी गेला. तेथे डॉक्टर एडवर्ड ट्रूडो हे होते. ते स्वतः क्षयाने जर्जर होऊन त्या अरण्यात आले आणि तेथील हवेत सावरले. कॉखने १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढल्यावर ट्रूडोंनी त्या रानात प्रयोग चालविले, आणि १८८५ साली क्षयरोग्यांसाठी छोट्या छोट्या घरांचे आरोग्यधाम काढले. पुढे आपल्याकडे पाचगणी आणि मिरज येथे जी आरोग्यधामे निघाली, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना होती: मोकळी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न. सॅरानाकला थंडी अशी की पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरे. स्टीव्हन्सनचा रोग त्या हिवाळ्यात थबकला आहे, असे ट्रूडोंचे मत पडले. प्रकृती सावरली, हे खरे. परंतु केसाळ कातड्याच्या कोटात गुरफटून, शेगडीजवळ बसून, उद्याचा दिवस दिसावा म्हणून आजचा दिवस जपून खर्च करावयाचा, हे किती वर्षे चालावयाचे? वय अवघे सदतीस. त्याचा प्रश्न आणखी किती दिवस जगता येईल हा नव्हताच. जे दिवस आहेत ते कसे जगावेत, हा होता.

१८८८ च्या वसंतात त्याची पत्नी फॅनी माहेरच्या मंडळींना भेटण्यास कॅलिफोर्नियात गेली. जाताना तिच्याकडे एक कामगिरी होती: दक्षिण समुद्रात जाण्याजोगे एखादे गलबत भाड्याने मिळते का, ते पाहावयाचे. मे महिन्यात तिची तार आली. ‘कॅस्को’ नावाची नौका मिळते आहे आणि दहा दिवसांत सज्ज होईल. नवऱ्याचे उत्तर ताबडतोब गेले: ठरवून टाक. वडिलांच्या वारशापैकी दोन हजार पौंड त्याने या प्रवासासाठी बाजूला काढले. आपल्या एका वकील मित्राला त्याने हिशेब मोकळेपणी कळविला. प्रकृती सुधारली नाही तर हा शुद्ध वेडेपणा, पैसे बुडाले आणि आपण बरे होणार नाही हेही कळून चुकले. पण आशा आहे, तेव्हा डाव मोठा लावावयाचा. पैसा सर्वस्वी वडिलार्जित होता आणि पुढे कुटुंबाला लागणारा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या डावाचे वजन कळते.

कॅस्कोचे मालक डॉक्टर मेरिट हे ओकलंडचे मोठे गृहस्थ. नौका सुमारे ९५ फूट लांब, दोन डोलकाठ्यांची, आतून मखमल, आरसे आणि सोनेरी नक्षी यांनी सजविलेली. वर्तमानपत्रांतील मजकुरावरून भाडेकरू विक्षिप्त असावा, अशी मालकांची समजूत झाली होती. म्हणून प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय नौका द्यावयाची नाही, असा त्यांनी हट्ट धरला. भेट झाली आणि माणूस शहाणा व समजूतदार दिसतो, असा त्यांनी निर्वाळा दिला. नौकेचे कप्तान ओटिस यांना मात्र निराळीच काळजी होती. हाडांचा सापळा झालेला हा उतारू वाटेतच आटोपणार, असे त्यांना वाटत होते. समुद्रात प्रेत सोडण्याची तयारीही त्यांनी गुपचूप बरोबर घेतली होती, असे सांगतात.

आता बरोबरच्या मंडळींकडे पाहू. दुखणे एकाचे असते, पण हवापालट सगळ्या घराला घडतो. स्टीव्हन्सनच्या आई मार्गारेटबाई एकोणसाठ वर्षांच्या. वर्षापूर्वी वैधव्य आलेले, जन्म एडिंबरोच्या शिस्तशीर घरात गेलेला. डोक्यावरची पांढरी टोपी त्यांनी नौकेवरही सोडली नाही. फॅनीचा पहिल्या लग्नाचा मुलगा लॉइड वीस वर्षांचा. त्याला हे सारे साहसच वाटले असल्यास नवल नाही. घरातील मोलकरीण व्हॅलेंटाइन हीही बरोबर होती. आणि स्वतः फॅनी. वय अठ्ठेचाळीस, प्रकृती तिचीही नाजूक, आणि समुद्राचे नाव काढताच पोटात ढवळून यावे, अशी तिची स्थिती. मार्गारेटबाई मजेत डेकवर बसून असत आणि सूनबाई खाली पडून असत. म्हणजे जी नौका नवऱ्याला संजीवनी वाटत होती, ती बायकोने स्वतः शोधून काढली आणि त्या नौकेचा सर्वांत अधिक त्रास तिनेच सोसला. या गोष्टीचा उल्लेख चरित्रांतून होतो, पण ओझरता होतो.

पहाटे नौका बंदराबाहेर ओढून नेण्यात आली आणि गोल्डन गेटच्या पलीकडे मोठ्या समुद्राच्या लाटा सुरू झाल्या. सुमारे महिनाभर जमीन दिसली नाही. त्या महिन्यात जे व्हावे असे एकट्या रोग्याला वाटत होते, तेच झाले. चेहऱ्यावर रंग आला, भूक लागू लागली, अनवाणी पायांनी तो डेकवर हिंडू लागला. कप्तानाशी मंडळींचा स्नेह जमला, तोही थोड्या खडाजंगीनंतर. आजीबाई समुद्रात पडल्या तर आपण काय कराल, असे त्यांना विचारले असता नौकेच्या रोजनिशीत नोंद करीन, असे त्यांनी गंभीरपणे सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. २८ जुलै रोजी मार्केसस बेटांपैकी नुकुहिवा येथे नांगर पडला. मुलाचे आयुष्य अंथरुणापाशी बसून मोजलेल्या आईने त्याला तेथल्या किनाऱ्यावर मोकळेपणी चालताना पाहिले. तिची या प्रवासातील पत्रे पुढे १९०३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

तथापि समुद्राने दिलेले आरोग्य बिनशर्त नव्हते. फाकारावा बेटावर स्टीव्हन्सनला सर्दी झाली, आणि ताहितीला पोचेपर्यंत तिचे दुखण्यात रूपांतर होऊन पुन्हा रक्त पडू लागले. कप्तानाने बरोबर घेतलेल्या त्या सामानाची आठवण कोणाला झाली असेल तर ती याच वेळी. बेटाच्या दुसऱ्या टोकास ताउतिरा नावाचे खेडे आहे, तेथे त्याला नेले. मोए नावाची तेथील राजघराण्यातील एक स्त्री त्याच्या समाचाराला आली आणि नारळाच्या रसात कालविलेले कच्चे मासे देऊन तिने त्याची शुश्रूषा केली. गावचा प्रमुख ओरी याने त्याच्याशी नावांची अदलाबदल केली. त्या समाजात याचा अर्थ भाऊ होणे असा आहे.

इतक्यात दुसरे संकट उघडकीस आले. मार्गारेटबाईंनी गावातील स्त्रियांना नौकेवर बोलाविले होते. त्यांपैकी एकीने नौकेच्या क्षेमासाठी प्रार्थना केली. त्यानंतर कप्तानाने डोलकाठ्या तपासल्या, तो आतील लाकूड कुजलेले निघाले. एवढ्या वादळांतून हे कुटुंब त्याच काठ्यांच्या भरवशावर आले होते! दुरुस्तीसाठी नौका पापीतला गेली आणि मंडळी जवळजवळ दोन महिने खेड्यात अडकून पडली. शिधा संपला, पैसाही हाताशी उरला नाही. त्या वेळी ओरीने सांगितले की, माझे ते तुमचेच आहे, मासे आणि अळकुड्या यांना येथे तोटा नाही, नौका येईपर्यंत स्वस्थ राहावे. हे ऐकून स्टीव्हन्सनने दोन्ही हातांत तोंड लपविले आणि तो रडला. मोठा डाव लावून निघालेल्या माणसाला त्या दिवशी परक्याच्या घरचे अन्न गोड करून घ्यावे लागले.

नाताळच्या दिवशी निघालेली नौका १८८९ च्या जानेवारीत होनोलुलूस पोचली, तेव्हा तिची वाट पाहणाऱ्यांनी जवळजवळ आशा सोडली होती. कॅस्कोचा करार तेथे संपला. सॅरानाकच्या थंडीत आरंभिलेली ‘मास्टर ऑफ बॅलन्ट्री’ ही कादंबरी तेथेच पुरी झाली. मार्गारेटबाई स्कॉटलंडला परतल्या. बाकीच्यांनीही परतावयाचे, असा मूळचा बेत. पण जून महिन्यात पतिपत्नी दुसऱ्या एका गलबतावर चढली, आणि डिसेंबरात सामोआ बेटावर उतरली. पुढल्या वर्षी सिडनी शहरात पाऊल टाकताच रोग उलटला. बेटे सोडली की दुखणे गाठते, हे कळून चुकले. तेव्हा सामोआत आधीच घेतलेल्या तीनशेहून अधिक एकर जमिनीवर त्याने वायलिमा येथे घर बांधले. सात महिन्यांच्या सुटीचे जन्माचे बिऱ्हाड झाले. १८९१ मध्ये आईही तेथे राहावयास आली.

लाभ झाला तो लहान नव्हता. ज्याला कप्तानाने महिन्याचाही भरवसा दिला नव्हता तो सहा वर्षांहून अधिक जगला, घोड्यावर बसला, रानात राबला, बेटवासीयांच्या न्यायासाठी परकीय सत्तांशी लेखणीने झगडला. त्याने तुरुंगात मदत केलेल्या सरदारांनी सुटकेनंतर, १८९४ साली, त्याच्या घरापर्यंत स्वहस्ते रस्ता बांधून दिला. पण किंमतही पुरी द्यावी लागली. स्कॉटलंड त्याला पुन्हा दिसले नाही. अखेरच्या दिवशी सकाळी तो जी कादंबरी लिहीत होता, ती स्कॉटलंडविषयीचीच. ३ डिसेंबर १८९४ रोजी सायंकाळी जेवणाच्या तयारीत फॅनीला मदत करीत असता तो कोसळला. मृत्यू आला तो मेंदूतील रक्तस्रावाने. ज्या छातीला सारे घर आयुष्यभर भीत आले होते, तिने दगा दिला नाही.

त्याला क्षयच होता की काय, याविषयीही अलीकडच्या डॉक्टरांना शंका आहे. रक्तवाहिन्यांचा एखादा आनुवंशिक विकार असावा, असेही अनुमान मांडले गेले आहे. शिवाय १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि क्षयासाठी डोंगर वा समुद्र धुंडाळण्याचे दिवस संपले. आज कोणी औषध टाकून गलबत शोधू लागेल तर तो मूर्खपणा होईल. परंतु दुखण्यातून उठलेल्या माणसाने घराबाहेर पडताना कशासाठी पडावे, हा प्रश्न औषधाने सुटत नाही. मरण चुकविण्यासाठी निघालेला माणूस वाटेत प्रत्येक सर्दीला भितो. उरलेले दिवस जगण्यासाठी निघालेला माणूस हिशेब आधीच मांडून ठेवतो. मात्र हा हिशेब त्याने घरातील सर्वांच्या देखत मांडला पाहिजे, कारण भाडे सर्वांना भरावे लागते. स्टीव्हन्सनच्या घरात ते सर्वांनी समजून भरले.

फॅनी १९१४ साली कॅलिफोर्नियात वारली. दुसऱ्या वर्षी तिची रक्षा सामोआला नेण्यात आली आणि वाएआ डोंगरावर नवऱ्याच्या थडग्यात ठेवण्यात आली. समुद्र जिला कधीच मानवला नाही, तिचा शेवटचा प्रवासही समुद्रावरूनच झाला.