यादी जिवंत हवी

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी आणि सेवा केंद्रांचे चालक यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. पुतळे केव्हाच नष्ट झाले. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही त्यांच्यावरची नावे मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. दगडावरची ही यादी बदलत नाही, हेच तिचे मोल होय. जमिनीच्या दफ्तराचे याच्या उलट आहे. खातेदाराचे निधन होते, वाटणी होते, बँकेचा बोजा चढतो आणि उतरतो. त्याबरोबर सातबारा बदलला नाही, तर तो खोटा ठरतो.

पूर्वी मूळ नोंदवही तलाठ्यापाशी असे आणि सोसायटी, बँक वा कचेरी आपापल्या कामासाठी तिची नक्कल ठेवी. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागले. ॲग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्याला ओळख क्रमांक देऊन त्याची जमीन त्या क्रमांकाशी जोडण्यात येते. मूळ यादी आता शासकीय संगणक केंद्रात आहे. मग सेवा केंद्राच्या पडद्यावर दिसते ती मूळ यादी की तिची नक्कल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एखादे संकेतस्थळ यादी एकदाच उतरवून घेते आणि तीच दाखवीत राहते. हे काम जलद होते. पण यादी त्याच दिवसापासून शिळी होऊ लागते. दुसरी रीत अशी, की प्रत्येक अर्जाच्या वेळी संकेतस्थळाने मूळ दफ्तराला विचारावे. त्याने प्रथम आपली ओळख पटवावी, मग केवळ एका खात्याची आणि कामापुरतीच माहिती मागावी, आणि मिळालेल्या उत्तराबरोबर तारीख व वेळ दाखवावी. संपूर्ण यादी कोणाच्याही हाती देण्याचे कारण नाही. डोंगरी भागात संपर्क तुटला, तर जुने उत्तर ताजे म्हणून दाखवू नये. संपर्क नाही, असे स्पष्ट सांगावे.

याचे महत्त्व आंबेगाव तालुक्याला सांगावयास नको. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी उतरवून घेतलेली गावाची कोणतीही यादी त्या सकाळनंतर खरी राहिली नव्हती. एवढा मोठा आघात नसला, तरी घरचा कर्ता माणूस गेला की त्या घरावर हीच वेळ येते. विधवेचे नाव वारस म्हणून मूळ दफ्तरी लागलेले असते. पण समोरच्या पडद्यावर जुनीच नक्कल असेल, तर कर्ज वा मदत मागावयास आलेल्या त्या बाईला 'तुमचे नाव नाही' असे उत्तर मिळते. चूक यंत्राची, आणि हेलपाटे तिला!

मात्र जोडणी कितीही उत्तम असली, तरी मूळ दफ्तरी जे नाही ते पडद्यावर कोठून येणार? म्हणून वारसाची नोंद वेळेवर करून घ्या. फेरफाराची नोटीस आली तर ती वाचा. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आधार कार्डावरील व उताऱ्यावरील नाव एकच आहे ना, हेही पडताळून पाहा. सेवा केंद्राच्या चालकांना माझी विनंती आहे, की 'नाव नाही' असे सांगण्यापूर्वी पडद्यावरील माहितीची तारीख पाहावी.

नाणेघाटातील नावांना आता कोणाकडे अर्ज करावयाचा नाही. आपल्या गावातील माणसांना उद्या सकाळीच करावयाचा आहे. त्यांची यादी आजची असली पाहिजे.