भाडं किती, आणि उरतं किती?



'पुण्यात टू बीएचकेला काय भाडं पडतं हो?' हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. माझी सारी नोकरी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, हिशेबाच्या टेबलावर गेली. सोलापूर, नागपूर, पुणे, मुंबई अशा बदल्या झाल्या. त्यामुळे कुणाच्या मुलाला नोकरी लागली किंवा बदलीचा कागद हातात पडला, की मंडळी चौकशीला येतात. त्यांना एक आकडा हवा असतो. पण तो एकटा आकडा फसवा असतो, आणि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय पुढे वर्षभर खिशाला बोचतो.

आधी ढोबळ आकडे घेऊ. गल्लीगणिक फरक पडतो, हे गृहीत धरा. मुंबईत अंधेरी-गोरेगावकडे साध्या सोसायटीत टू बीएचके ५० हजारांच्या खाली मिळणं आज कठीण. पुण्यात कोथरूडला तशी जागा २५ ते ३० हजारांत, नागपुरात १५ हजारांच्या आसपास, तर सोलापूर-लातूरकडे ९-१० हजारांत मिळू शकते. म्हणजे एकाच राज्यात पाचपट फरक! पगारात मात्र असा पाचपट फरक नसतो.

हा फरक सरकार कसं मोजतं, ते पाहण्यासारखं आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के भत्ता मिळू लागला. मुंबई आणि पुणे एक्समध्ये, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वायमध्ये आणि लातूरसारखी शहरं झेडमध्ये.

आता ४४,९०० रुपये मूळ वेतन असलेला एक कर्मचारी घ्या. मुंबईत त्याला १३,४७० रुपये भत्ता मिळतो, पुण्यातही तेवढाच. पुण्यात त्याला भाड्यासाठी पदरचे १२ ते १६ हजार घालावे लागतील, मुंबईत साडेछत्तीस हजार. सोलापुरात भत्ता ८,९८० रुपये, म्हणजे भाडं जवळजवळ भागलंच. लातूरचं भाडं सोलापूरएवढंच, पण भत्ता ४,४९० रुपये. तिथे निम्म्याहून अधिक भाडं पगारातून जातं. असं का? कारण हे वर्ग लोकसंख्येवर ठरतात, भाड्यावर नाही. ५० लाखांच्या वर एक्स, ५ लाखांच्या वर वाय. लातूरला शिकवणीसाठी गावोगावची मुलं येतात. कित्येकदा मुलाबरोबर आईही येऊन खोली घेऊन राहते. ती मागणी लोकसंख्येच्या रकान्यात दिसत नाही, पण भाड्यात दिसते.

दुसरी गोष्ट, आपण तुलना नेमकी कशाची करतो? मुंबईतल्या टू बीएचकेचा कार्पेट एरिया पुष्कळदा साडेपाचशे-सहाशे चौरस फूट असतो. नागपुरात त्याच नावाखाली आठशे-नऊशे चौरस फूट आणि वर ऐसपैस गच्ची मिळते. तेव्हा भाड्याला चौरस फुटांनी भागून पाहा. वर पाचपट वाटलेला फरक आणखी वाढतो!

तिसरी गोष्ट प्रवासाची. मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून माणूस बदलापूरला जातो. भाडं निम्म्याहून खाली येतं, हे खरं. पण जाऊन-येऊन रोज तीन तास धरले, तर पंचवीस दिवसांचे ७५ तास होतात. हे तास भाडेपावतीवर लिहिलेले नसतात, पण मोजावे लागतातच. लहान मुलांच्या घरात तर ते आईबापांच्या वाट्याचे तास असतात.

वर्तमानपत्रात 'सरासरी भाडं' असं वाचलं, तर मुंबईच्या बाबतीत जरा थांबा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली होती. त्यामुळे गिरगावात किंवा दादरला एकाच इमारतीत पागडीचा भाडेकरू काही शे रुपये देतो आणि शेजारी नवा आलेला काही हजार. या दोघांची सरासरी काढून कुणाला घर मिळणार?

त्या काळी राज्यात कायदेही तीन होते. पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा, विदर्भाला जुन्या मध्य प्रांताचा, मराठवाड्याला हैदराबादचा. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सगळीकडे लागू झाला. भाडी एक झाली नाहीत, नियम मात्र एक झाले. त्यातला एक नियम लक्षात ठेवा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला, तरी तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. छोट्या शहरांत 'आपल्या ओळखीतलेच आहेत' म्हणून हा कागद टाळतात. भाडं कमी असलं, तरी डिपॉझिट अडकलं की ओळख कामाला येत नाही.

तेव्हा नव्या शहरात जाताना कागदावर पाच ओळी लिहा. हातात येणारा पगार. त्यातून वजा भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स. वजा प्रवासखर्च. वजा दलाली, अकरा महिन्यांत विभागून. आणि शेवटी, डिपॉझिटमध्ये अडकणाऱ्या रकमेचं बुडणारं व्याज. खाली उरेल तो आकडा दोन्ही शहरांचा शेजारी शेजारी मांडा. नाशिकला ४० हजारांवर असलेल्या मुलाला मुंबईत ५५ हजारांची नोकरी चालून आली, तर घरात पेढे वाटले जातात. वाटावेतच. फक्त त्याआधी ही वजाबाकी करावी. कधी मुंबईच जिंकेल, कारण पुढच्या संधी तिथे आहेत. तसं असेल तर आनंदाने जावं, पण पहिली दोन वर्षं हात आखडता राहणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं. महिनाअखेरीला गावाकडे पैसे का येत नाहीत, म्हणून मग कुणी त्या मुलावर रुसणार नाही.