चाड्यावरची मूठ आणि उतारवय



पेरणीच्या दिवसांत बऱ्याच घरांत एक बोलणं कानावर येतं. "आबांच्या हातनं आता चाड्यावर मूठ धरवत नाही. एका जागी बी ढीगभर पडतं, पुढं हातभर तास मोकळंच." आबांना वाटतं, ताकद गेली. पोरांना वाटतं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. दोन्ही पुरतं खरं नाही.

हाताचा स्नायू आपल्या मनानं हलत नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधून मज्जापेशींचा हुकूम यावा लागतो. अंगठ्याच्या एखाद्या लहान स्नायूला अशा शे-दोनशे पेशी असतात आणि एकेकीच्या ताब्यात स्नायूचे ठराविक धागे असतात. समजा, दहा गडी दारे धरताहेत, प्रत्येकाकडे चार वाफे. त्यातले चार गडी निघून गेले, तर उरलेले त्यांचेही वाफे सांभाळतात. काही वाफे मात्र सुकतातच. पीक बरंचसं वाचतं, पण आता एकानं दारं फोडलं की पाच-सहा वाफे एकदम भिजतात. थोडं पाणी द्यायचं म्हटलं तर जमत नाही.

साठीनंतर हातात हेच घडतं. काही मज्जापेशी मरतात, शेजारच्या पेशी त्यांचे धागे आपल्याकडे घेतात. म्हणून जोराचं काम बऱ्यापैकी होतं, पण अलगद सोडायचं, बेतानं दाबायचं काम बिघडतं. बी सोडणाऱ्या मुठीला नेमकं तेच लागतं!

त्यात बोटांच्या टोकांचा स्पर्श मंदावतो, कातडी कोरडी पडते. विळा निसटेल म्हणून म्हातारा माणूस गरजेपेक्षा घट्ट धरतो आणि लवकर दमतो. विळ्याच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, मूठ जाड होते, पकड बसते. फवारणीचं औषध थरथरत्या हातानं झाकणात ओतू नका. मापाचं भांडं सपाट जागी ठेवा, हातमोजे घाला, नाहीतर ते काम तरण्या माणसावर सोपवा. कडबाकुट्टीत वैरण सारण्याचं कामही वडीलधाऱ्यांना देऊ नये, हात मागं घ्यायला त्यांना वेळ लागतो.

मात्र त्यांना नुसतं ओट्यावर बसवू नका. काही आठवडे हलका, सावकाश सराव केलेल्या वृद्धांचे हात अधिक स्थिर झाल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. शेंगा फोडणं, बी निवडणं, दोर वळणं ही कामं चालू राहू द्या.

आता महत्त्वाचं. सगळंच वयावर ढकलू नका. एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच घटकेला १०८ नंबरला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. फवारणीनंतर हात थरथरले, स्नायू फडफडले, तर ती विषबाधा समजा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. हात मांडीवर स्वस्थ असतानाही थरथरत असेल, तर कंपवाताची तपासणी करून घ्या. रात्री अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दाबली गेलेली असू शकते. कातडीवर बधिर चट्टा असून बोटं वाकू लागली, तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न धरता करा. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.