एकास वीस



 आज तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनाआधी मुख्याध्यापिका बाईंनी मला वरच्या मजल्यावरचं हस्तकलेचं प्रदर्शन दाखवलं. तिथे एका टेबलावर पुठ्ठ्याची एसटी उभी आहे. टपावर कॅरिअर आहे, मागे शिडी आहे, पुढच्या काचेत गावाची पाटी आहे. मी वाकून खिडकीतून आत पाहिलं, तर छताखालून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत एक दोरा ओढून नेलेला. घंटीची दोरी! कंडक्टर ती ओढायचा आणि डबल बेल झाली की गाडी हलायची. आजच्या आठवीतल्या मुलांनी ती दोरी क्वचितच पाहिली असेल. ज्याने ही बस केली त्याने घरात कुणालातरी विचारलं असणार, जुनी गाडी आतून कशी होती म्हणून. आणि उत्तर मिळाल्यावर, सहज कुणाला दिसणारही नाही अशा जागी, त्याने ती दोरी लावली. या कामाचं मला फार मोल वाटतं. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे.

मी वर्कशॉपमधला माणूस. फावल्या वेळात घरी वाहनांची मॉडेल्स करतो. दुकानात तयार संच मिळतात, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. जपानच्या तामिया कंपनीचे संच जगभर जातात. साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यानेही हात तयार होतो. पण कंपनी जगभर खपेल तेच काढणार: रणगाडा, लढाऊ विमान, शर्यतीची मोटार. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभी असलेली उसाची ट्रॉली तिच्या यादीत कशी येईल? ती हवी असेल तर कोरा पुठ्ठा घेऊन बसावं लागतं. प्रत्येक भाग आपणच मोजायचा, आखायचा, कापायचा. हा छंद असणारे लोक याला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. महाराष्ट्रात एसटीची अशी मॉडेल्स करणारी मुलं गावोगावी आहेत.

आता हे करायचं कसं, ते थोडं सविस्तर सांगतो. आधी प्रमाण ठरवायचं. एसटीसाठी मी एकास वीस घेतो. खऱ्या गाडीचे वीस सेंटिमीटर म्हणजे मॉडेलचा एक सेंटिमीटर. 11 मीटर लांबीची बस 55 सेंटिमीटरची होते आणि तुमच्या बाकावर मावते. अडीच मीटर रुंदीचे साडेबारा सेंटिमीटर होतात. मोठ्या बसचं टायर एक मीटरपेक्षा थोडं उंच असतं, म्हणून मॉडेलचं चाक पाच सेंटिमीटर आणि वर दोन-तीन मिलिमीटर. चाकाचं माप हातात आलं की पुष्कळ कुलुपं उघडतात. गाडीचा बाजूने, अगदी सरळ समोर उभं राहून फोटो काढा. फोटोत चाक 4 सेंटिमीटर आणि खिडकी 3 सेंटिमीटर दिसत असेल, तर त्रैराशिक मांडा. मॉडेलची खिडकी किती रुंद करायची ते कळेल.

तरीही फोटोवर थांबू नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या, टेप घेऊन डेपोत जा, रीतसर परवानगी मागा. ज्या ड्रायव्हरकाकांशी आणि मेकॅनिककाकांशी आपण एरवी 'गाडी कधी सुटणार' एवढंच बोलतो, त्यांना विचारा की पाटे कसे बसवलेले असतात, डिझेलची टाकी कोणत्या बाजूला असते, जिन्याची पायरी एवढी उंच का. आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेने विचारलं की माणसं भरभरून सांगतात. मला मिळालेली अर्धी माहिती अशाच माणसांकडून आलेली आहे.

त्यातूनच एक गोष्ट समजते, जी रोज प्रवास करूनही ध्यानात येत नाही. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. बेडफर्डची गाडी, वर लाकडी बॉडी. पुढे लाकूड गेलं, पत्रा आला. चासी कंपनीकडून यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा एवढंच. त्यावरची बॉडी एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधली जायची: पुण्याला दापोडीत, मराठवाड्यात चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून जिचं नाव पडलं ती एशियाड बस तुमच्या आई-वडिलांना आठवत असेल. आपण 'लालपरी' म्हणून ज्या गाडीवर प्रेम करतो, ती आपल्याच कामगारांनी पत्रा मापून, कापून, रिव्हेट ठोकून उभी केली. मॉडेल करणारं मूल तेच काम पुठ्ठ्यावर करतं.

रिव्हेटवरून आठवलं. जुन्या एसटीच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा दिसतात. त्या मॉडेलवर कशा आणायच्या? शाई संपलेलं बॉलपेन घ्या. जाड कागद उलटा करून जुन्या वहीवर ठेवा, पट्टी धरून सारख्या अंतराने टोक दाबत जा. कागद सुलटा केला की बारीक फुगवट्यांची ओळ उमटलेली असते. तो कागद बसच्या बाजूला चिकटवा आणि रंग द्या. पाहणाऱ्याला पत्रा वाटेल. खिडक्यांचंही असंच एक तंत्र आहे. कटर कोपऱ्यापाशी हमखास पुढे सरकतो आणि खिडकीचा कोपरा फाटतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना दाभणाने भोकं पाडायची आणि मग भोकापासून भोकापर्यंत स्टीलची पट्टी लावून कापायचं. एका दमात खोल कापायचं नाही. पहिला हात हलका, नुसती रेघ उमटवणारा. मग त्याच रेघेतून तीन-चार हात. कोपरे आपोआप गोलसर येतात, खऱ्या बसच्या खिडकीसारखे.

बाकीचं सामान घरातच असतं. जुन्या रबरी चपलेतून टायर निघतात. गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक फुगे हेडलाइटला शोभतात, फाइलच्या प्लॅस्टिक कव्हरच्या काचा होतात आणि उदबत्तीच्या काड्यांचे दांडे. विकत घ्यावा तो चांगला कटर, स्टीलची पट्टी, गुण्या आणि पॉलिश पेपर. पाचवीच्या आतल्या मुलांनी पातं हातात घ्यायचं नाही, ते काम मोठ्यांनी करायचं. कापताना दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत कधीच नसावीत.

आता विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक हिशेब. एकास वीसच्या मॉडेलमध्ये लांबी वीसपट कमी होते, क्षेत्रफळ चारशेपट आणि घनफळ आठ हजारपट. दहा टनांची बस जशीच्या तशी, त्याच धातूत, या प्रमाणात लहान केली तर तिचं वजन सव्वा किलो भरेल. हा आकडा पाहून मुलं चकित होतात आणि घन म्हणजे काय ते त्यांना कायमचं कळतं. तसंच रंगाचं. ब्रशने अर्धा मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर तो खऱ्या बसवर एक सेंटिमीटर जाडीचा लेप झाला! म्हणून रंग पातळ करून, वाळवून, पुन्हा पातळ द्यायचा. या हिशेबांसाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक बस पुरते.

लहान मॉडेलवरून खऱ्या वस्तूचा अंदाज घेण्याचं काम आपल्याकडे फार मोठ्या पातळीवरही चालतं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 साली सुरू झालेलं. तिथे धरणांची, नद्यांची, बंदरांची मॉडेल्स बांधून त्यांत खरंखुरं पाणी सोडतात. यात एक विलक्षण गोष्ट घडते. लांबी-उंची शंभरपट लहान केलेल्या मॉडेलमध्ये पाण्याचा वेळ शंभरपट कमी होत नाही, शंभराच्या वर्गमुळाने म्हणजे दहापट कमी होतो. समुद्राच्या एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं लागतात. मॉडेलमध्ये तेच चक्र सव्वा तासात पुरं होतं. लाटा बंदराच्या भिंतीवर कशा आदळतील, गाळ कुठे साठेल, धरणाच्या सांडव्यावरून पाणी कसं उतरेल, याचे अंदाज अशा मॉडेलांवरून घेतले जातात. दहावीच्या सहलीचा विचार चालू असेल, तर बाईंनी तिथे पत्र पाठवून विचारून पाहावं अशी माझी विनंती आहे.

राइट बंधूंचं नाव तुम्ही ऐकलं आहे. पण 1901 सालच्या शेवटी त्यांनी काय केलं, ते पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही. त्या वर्षी त्यांच्या ग्लायडरला अपेक्षेपेक्षा फारच कमी उचल मिळाली. तेव्हा उपलब्ध असलेल्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. आपल्या गावी, डेटनला परतल्यावर, आपल्या सायकलच्या दुकानात, त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली. एका टोकाला पंखा, आत हवेचा झोत. त्या झोतात ठेवायला पत्र्याचे छोटे छोटे पंख कापले, तळहातावर मावतील असे, सुमारे दोनशे आकारांचे. उचल मोजायला जो तराजू लागत होता तो करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून घरीच बनवला. त्या मोजमापांवरून 1902 चं ग्लायडर झालं आणि 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाचं विमान 12 सेकंद उडालं. विमानाच्या शोधातला निर्णायक भाग दुकानाच्या टेबलावर, छोट्या मॉडेलांवर पार पडला होता, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या घरचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप कसं वाढतं त्याची रोज थोडी थोडी चित्रं घेतली. ती सलग दाखवल्यावर पडद्यावर बी अंकुरून वेल होताना दिसली. चित्रपटासाठी पैसे उभे राहायला त्या छोट्या फितीची मदत झाली. घरी कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत, रसायनंही त्याच हाताळत. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं. आणि पुण्याच्या आयुका संस्थेतून अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती शिकवली, ते तर आपल्या काळातलंच आहे. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत.

पालकांनो, आता तुमच्याशी मोकळेपणाने बोलतो. शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला. पैसे द्यायचे आणि सकाळी शाळेत पोचवायचं. नाहीतर रात्री जागून बाबा प्रोजेक्ट करतात आणि मूल शेजारी झोपलेलं असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. वाकडी खिडकी कापलेल्या मुलाने त्या संध्याकाळी काहीतरी मिळवलेलं असतं. दुकानातली सरळ खिडकी आणणाऱ्याच्या हाती फक्त गुण पडतात. दिवाळीत हीच मुलं अंगणात किल्ला करतात. माती कालवतात, बुरूज ढासळला तर पुन्हा रचतात, तटाला अळीव पेरतात आणि कुणी गुण देत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. तो उत्साह चार दिवसांत संपू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. घरात एक कोपरा द्या, जिथे अर्धवट काम पसरून ठेवलेलं चालेल आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच सापडेल.

शिक्षकांना आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दोन मागण्या करतो. शाळेत एक कपाट आणि एक लांब टेबल या कामासाठी राखून ठेवा. कटर, पट्ट्या, गुण्ये, टेप तिथे असू द्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ती खोली उघडी ठेवा. गावातले सुतार, गॅरेजवाले, निवृत्त मेकॅनिक यांना अधूनमधून बोलवा. ते आनंदाने येतील. दुसरी मागणी प्रदर्शनाची. पुढच्या वर्षी प्रत्येक मॉडेलशेजारी त्याची मापांची वही ठेवायला सांगा: खरं माप, लहान केलेलं माप, खोडलेली आकृती, कुणाला काय विचारलं ते. परीक्षकांनी आधी ती वही वाचावी आणि निम्मे गुण त्या वहीला द्यावेत. तयार प्रोजेक्टबरोबर अशी वही दुकानात मिळत नाही.

मुलांनो, वार्षिक परीक्षेनंतर सुट्टी लागेल. तुमच्या रस्त्यावरचं एक वाहन निवडा, टेप घेऊन त्याच्यापाशी जा आणि मापं घ्यायला सुरुवात करा. पुढच्या संमेलनात मला पाहुणा म्हणून नाही बोलावलंत तरी चालेल, पण प्रदर्शन पाहायला मी येणार आहे.