'मी'पणाचे ओझे
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





आज गुणवंतांचा सत्कार झाला, हार घातले गेले, टाळ्या पडल्या. हे योग्यच झाले. आपल्यापैकी कित्येक घरांत शाळेची पायरी ओलांडून कॉलेजात जाणारे मूल हे त्या घरातील पहिलेच असते. अशा यशाचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु याच प्रसंगी एक सावधगिरीची गोष्टही बोलावीशी वाटते. ज्ञान माणसाला मुक्त करते, असे आपण म्हणतो. पण त्या ज्ञानाला 'मी'पणा चिकटला की तेच ज्ञान पायातील बेडी बनते.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. इमाम गझाली यांचे चरित्रच त्याची साक्ष देते. इराणमधील तूस येथे १०५८ साली त्यांचा जन्म झाला. १०९१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क यांनी बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक केली. त्या काळातील हे केवढे मोठे पद! तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. दरबारात मान होता, वादविवादात दबदबा होता.

आणि अशा वेळी त्यांनी स्वतःच्या मनाची झडती घेतली. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी? उत्तर कटू होते. पद सोडावे तर मन धजेना, धरून ठेवावे तर चैन पडेना. सुमारे सहा महिने ही ओढाताण चालली. शेवटी त्यांची वाचाच बसली. वर्गात तोंडून शब्द फुटेना, घास गिळवेना. हा आजार मनातून उतरलेला आहे, असे म्हणून हकिमांनी हात टेकले. १०९५ साली त्यांनी कुटुंबापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि बगदाद सोडले. दमास्कसच्या मशिदीच्या मिनारावर दार लावून ते दिवसचे दिवस एकांतात बसत. पुढे जेरुसलेम आणि हजची यात्रा झाली. ही सारी हकीकत त्यांनी 'अल्-मुनकिज मिनद्दलाल' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

मित्रांनो, गझालींना बांधून ठेवणारी साखळी कोणती होती? लोकांच्या वाहवाची! ज्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याची शाबासकी लागते, तो दुसऱ्याचा गुलाम असतो, मग अंगावर कितीही भरजरी झगा असो. या 'मी'लाच आपण नफ्स म्हणतो. आपण आदमहून श्रेष्ठ आहोत, या एका समजुतीनेच इब्लिसचा घात केला. नफ्सशी झगडण्याची ही गोष्ट आपल्या मराठी मुलखालाही परकी नाही. श्रीगोंद्याचे १७ व्या शतकातील संतकवी शेख महंमद यांनी आपल्या मराठी ग्रंथाला 'योगसंग्राम' असे नाव दिले. त्यातील संग्राम आहे तो माणसाच्या आतील शत्रूंशीच.

मग अहंकार सोडायचा म्हणजे शाळा-नोकरी सोडून रानात जायचे काय? मुळीच नव्हे. गझालींच्या चरित्रातील उत्तरार्ध आपण विसरतो. अकरा वर्षांनी, ११०६ साली, ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच, विद्याही तीच; परंतु पूर्वी आपण मानमरातब मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता मानमरातबाचा मोह सोडायला लावणारी विद्या शिकवतो, असे ते सांगतात. बदलला होता तो फक्त हेतू. 'इह्या उलूमिद्दीन' हा त्यांचा चाळीस भागांचा ग्रंथ बगदाद सोडल्यानंतरच्या याच काळातील आहे. 'मी' बाजूला झाला, तेव्हा हातून केवढे काम झाले पाहा!

तसेच अहंकार सोडणे म्हणजे लाचारी पत्करणे नव्हे. अन्यायापुढे मान तुकवावी, असे कोणी समजू नये. जो फक्त अल्लाहपुढे झुकतो, त्याला इतर कोणापुढे झुकण्याची गरजच उरत नाही. नमाजच्या सफीत धनवान आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सजद्यात दोघांचेही कपाळ एकाच जमिनीला टेकते. हा धडा आपण दिवसातून पाच वेळा गिरवतो. तो मशिदीच्या पायरीवरच राहू नये, एवढेच.

विद्यार्थ्यांनो, 'सर, मला हे समजले नाही' असे वर्गात उठून म्हणायला शिका. हसे होईल म्हणून गप्प बसणारा मुलगा आपल्या अहंकाराची किंमत आपल्या अज्ञानाने मोजत असतो. उद्या तुम्ही इंजिनिअर व्हाल, डॉक्टर व्हाल. तेव्हा हातगाडी ओढून किंवा शिवणयंत्र चालवून तुमची फी भरणाऱ्या बापाची ओळख मित्रांना करून देताना तुमचा आवाज खाली जाऊ नये. तो खाली गेला, तर तुमची पदवी व्यर्थ आहे.

आणि पालकांनो, मुलाचे गुण ही आपल्या खानदानाची इभ्रत मानू नका. शेजाऱ्याच्या मुलापेक्षा चार टक्के कमी पडले म्हणून ज्याला घरात बोलणी खावी लागतात, ते मूल अभ्यासाला नव्हे, आपल्याला भिऊ लागते. नापास झालेल्या मुलालाही आज रात्री आपल्याच ताटात जेवायला बसवा. त्याचे अपयश आपल्या 'मी'ला लागते म्हणून आपण रागावतो, की त्याच्या भल्यासाठी, हे एकदा मनाला विचारून पाहा.

अल्लाह आपणा सर्वांना विद्या देवो आणि तिचा गर्व न होण्याची सुबुद्धीही देवो. आमीन.